बोक्याचं कुलूप

११ जानेवारी

नमस्कार.

पुढे काय लिहावं यातच दोन कागद फुकट गेले. ताई म्हणावं तर नातं जोडल्यासारखं होतं, बाई म्हणावं तर शाळेत बसल्यासारखं. नावाने हाक मारण्याइतकी आपली ओळख नाही, आणि ती व्हावी अशी माझी इच्छाही नाही. तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागवून घ्या.

मी कोण ते पाकिटावरच्या आडनावावरून कळलंच असेल. जे आडनाव तुम्ही सात वर्षं लावलंत आणि मग टाकलंत, ते आता मी लावते. तुमचा पत्ता सासूबाईंनी दिला, कशाला हवा ते मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्या पाकिटात, औषधांच्या चिठ्ठीमागे, तो छान घडी घालून ठेवलेला होता. माझ्या आईचं घर कुठल्या रस्त्यावर आहे ते त्यांना अजून आठवत नाही. असो.

कामाचं लिहिते. डिसेंबरात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ वाईट होती, स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टर म्हणतात जिवावरचं संकट टळलं. आवाज मात्र गेला तो गेलाच. ज्या माणसाने शेजारच्या सीटवर बसून "क्लच, क्लच, अहो क्लच!" असं ओरडत अर्ध्या शहराला गाडी शिकवली, तो आता पाटीवर लिहून पाणी मागतो.

हे मी तुम्हाला कळवळा यावा म्हणून लिहीत नाही. कळवळ्याला घरात मी आहे, सासूबाई आहेत, पुरेसे आहोत.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी त्याला वाक्यांचा एक गठ्ठा दिला होता. ती सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, जखम भरली की त्यावरून तुमचा आवाज तयार करता येईल, तुम्ही टॅबवर टाइप कराल आणि तो तुमच्याच आवाजात बोलेल, असं त्या म्हणाल्या. त्याने लहान खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या आणि घसा दुखत असताना, कोमट पाण्याचे घोट घेत, शेवटच्या दिवसापर्यंत तो तिथे बसून बोलत राहिला. मला आत यायची बंदी होती, माझी चप्पल वाजते म्हणून. तेव्हा तो काय काय बोलला ते मी ऐकलेलं नाही.

तो हॉस्पिटलात असताना मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे दिला. फार हळू चालत होता. त्याने जुनी सिस्टीम पुसून नवी टाकली. फाइली वेगळ्या भागात होत्या, त्या जागच्या जागी आहेत. नावं दिसतात, हिरव्या अक्षरांत. उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणून सांगतो. दुरुस्तीवाल्याने सगळ्या फाइली नव्या खात्याच्या मालकीच्या करून बघितल्या, तरी तेच. मग तो म्हणाला, "वहिनी, इथे नुसती खोली बंद नाही, आतली एकेक वस्तू कुलूपबंद आहे. आणि किल्ली होती जुन्या सिस्टीममध्ये. ती पुसली गेली."

"तुम्ही पुसलीत," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणालात सगळं साफ करा. मी साफ केलं."

त्याचं म्हणणं असं, की ज्याने हे कुलूप पहिल्यांदा बसवलं, त्याने किल्लीची नक्कल काढून ठेवली असेल तरच काही होईल. कुलूप तुम्ही बसवलंत. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या तुमच्यासारखीने नक्कल काढली नसेल असं मला वाटत नाही.

असेल तर पाठवा. उत्तर मी काम करते त्या दातांच्या लॅबच्या पत्त्यावर द्या, मागे लिहिलाय. फोन नको, हल्ली माझाच फोन दिवसभर त्याच्या हातात असतो.

आपली... छे, आपली कसली.

मी


१९ जानेवारी

नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातही दोन प्रश्न. सासूबाई म्हणतात तुम्ही पहिल्यापासून मोजकं बोलता. सासूबाई तुमच्याबद्दल बरंच काही म्हणतात.

किल्ली आहे, शोधावी लागेल, ही ओळ मी लॅबमध्ये उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचली. समोर एका आजोबांच्या कवळीचं मेण गरम होत होतं, ते पार ओघळून गेलं. परत करावं लागलं.

आता तुमचे प्रश्न. मशीन उत्तम होतं, मग पुसलं का?

हळू वगैरे काही चालत नव्हतं. तुम्ही ओळखलंतच. ऐका तर मग. रोज सकाळी तो कॉम्प्युटर लावायचा आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं, 'ये रे बोक्या'. तुम्ही ठेवलेलं खात्याचं नाव. मी या घरात आल्यापासून तुमचे पडदे काढले, तुमचं कपाट भंगारात घातलं, स्वयंपाकघराचा तुमचा तो पोपटी रंग झाकायला तीन हात द्यावे लागले तेही दिले. आणि हा माणूस रोज चहाचा कप घेऊन तिथे बसणार आणि तुम्ही त्याला बोक्या म्हणणार! मी म्हटलं, अरे, नाव बदल. तर म्हणाला, "अगं, नुसतं नाव आहे ते. कुठे नडतंय?"

मला नडत होतं. त्याला ऑपरेशनला नेलं त्या दिवशी मी घरी येऊन त्याचे कपडे शोधत होते, आणि सासूबाईंनी औषधाचं काही बघायला तो कॉम्प्युटर लावला. 'ये रे बोक्या.' तो तिकडे गळा कापून घेत होता आणि तुम्ही इकडे लाडात होतात. दुसऱ्याच दिवशी मशीन उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. केलं ते केलं, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. आधी किल्ली काढून ठेवायची अक्कल नव्हती, एवढंच वाईट वाटतं.

त्याला यातलं काही माहीत नाही. घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा पाटीवर लिहिलं, 'रेकॉर्डिंग नीट आहेत ना?' मी मान हलवली. तेव्हापासून मी त्याला त्या खोलीत जाऊ देत नाही, धूळ आहे म्हणते. त्या खोलीत इतकी धूळ आहे तर तू पुसत का नाहीस, असं सासूबाई रोज विचारतात.

दुसरा प्रश्न, त्याला दुखतं का. दुखतं. तुम्ही हा प्रश्न विचारायला नको होता, पण विचारलात म्हणून सांगते. दुखतं आणि तो सांगत नाही. हसू आलं तर खांदे हलतात, तोंड उघडतं आणि आवाजच येत नाही. ते बघवत नाही. मी तोंड फिरवते, आणि त्याला वाटतं मी रागावले.

आता माझा एक प्रश्न. रेकॉर्डिंग त्याने कुलपाच्याच फोल्डरमध्ये का ठेवली? सवयीने, असं म्हणाल. मला ते पटत नाही. त्या फोल्डरमध्ये तुमचं काय आहे?

लवकर पाठवा. दहा फेब्रुवारीला थेरपीच्या बाईंनी बोलावलंय.

मी


२९ जानेवारी

नमस्कार.

पेनड्राइव्ह मिळाला. सोबतचं पत्रही. एक ते नऊ आकडे घालून सूचना, तिसऱ्या सूचनेखाली 'घाई करू नये' अशी रेघ ओढलेली. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच आकड्याखाली नव्हतं.

सासूबाई देवळातून यायच्या आत आणि तो झोपलेला असताना उरकायचं म्हणून दुपारी दार लावून बसले. सहाव्या सूचनेपर्यंत सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे झालं. मग पासवर्ड.

तुम्ही लिहिलंत, 'त्याने मला गाडीत बसल्यावर म्हटलेलं पहिलं वाक्य, सगळं जोडून,' आणि खाली ते वाक्य.

मी कागद मिटला आणि तुमच्या कागदाकडे न बघता ते टाइप केलं. आरशात स्वतःला बघू नका, मागचं बघा.

कारण ते वाक्य माझं आहे. म्हणजे माझं होतं. गाडी शिकायला पहिल्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले, आरसा सारखा करता करता जरा केस नीट केले, आणि हा म्हणाला, "आरशात स्वतःला बघू नका, मागचं बघा." मी लाजले. लग्नात सगळ्या मैत्रिणींना मी हे सांगितलं होतं. याने मला पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं, असं कौतुकाने सांगितलं होतं. आणि ते तुमच्या कुलपाची किल्ली होऊन वर्षानुवर्षं पेनड्राइव्हमध्ये पडलं होतं!

नंतर डोकं जरा थंड झालं तेव्हा लक्षात आलं, तो हे सगळ्यांनाच म्हणत असणार. दूधवाल्याला शिकवलं त्यानेच, बँकेतल्या साहेबांना शिकवलं. त्या दोघांनाही म्हणाला असणार. पण दूधवाल्याने काही ते पासवर्ड म्हणून ठेवलं नाही. दोघींनीच ठेवलं. तुम्ही मशीनमध्ये, मी मनात.

आता हे वाचून तुम्हाला हसू आलं तर हसा. माझ्याने अजून हसवत नाही.

फोल्डर उघडला. हिरवी नावं तशीच आहेत, पण आता उघडतात. पहिली फाइल लावली तर तो म्हणाला, "आज बाहेर थोडा वारा आहे." इतकंच. साधं, गठ्ठ्यातलं वाक्य. मी ओढणी तोंडात कोंबून बसले, सासूबाईंच्या चपला दाराशी वाजेपर्यंत.

आभार मानायला हवेत. मानते.

मी


६ फेब्रुवारी

नमस्कार.

सगळं ऐकलं. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

गठ्ठ्यातली वाक्यं सगळी आहेत. त्याखेरीज त्याने 'माझे शब्द' म्हणून एक वेगळा भाग केलाय. थेरपीच्या बाईंनी सांगितलं असणार की घरच्यांची नावं, नेहमीचे शब्द वेगळे घ्या. त्यात 'ब्रेक!' आहे, सहा वेळा, चढत्या रागाने. सहाव्याला मीच दचकले. 'आई, तुला नाही कळणार' आहे. शिव्या आहेत दोन, त्या इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत असतील.

माझं नाव शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. तुमचा 'मास्तर' मात्र लगेच सापडला. सासूबाईंनी खुलासा केला, की तुम्ही सगळ्यांच्या चुका काढायचात म्हणून तो तुम्हाला मास्तर म्हणायचा. म्हणजे घसा कापायच्या आधी त्याला तुमची हाक आठवली आणि माझी नाही! मी तशीच उठले, स्वयंपाकघरात जाऊन गॅस लावला, बंद केला, परत लावला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय चाललंय?"

आणि मग मला आठवलं. तो मला नावाने हाक मारतच नाही. परत जाऊन बघितलं. 'अगं' नावाच्या फाइली आहेत. इतक्या, की यादी खाली खाली सरकवत बसावं लागतं. भूक लागली तेव्हाचं अगं, किल्ल्या सापडत नाहीत तेव्हाचं अगं, चूक झाली आणि कबूल करायची नाही तेव्हाचं अगं. एकात नुसता श्वास घेऊन म्हटलंय. ते कधीचं ते मला माहीत आहे, तुम्हाला सांगणार नाही.

तर तेवढ्यापुरती मी जिंकले. मग तुमची फाइल लावली.

ती हाक नाहीच. जुनं रेकॉर्डिंग आहे, तारीख तुमच्या वर्षांतली. सुरूच होतं ते त्याच्या हसण्याने. मी असं हसताना त्याला ऐकलंय, म्हणजे हसला नाही असं नाही माझ्याबरोबर, पुष्कळ हसला. पण तेव्हा माइक धरून कोण बसलं होतं? पोटातून हसतो, मग दम लागतो, मग शिट्टीसारखा श्वास घेऊन पुन्हा हसतो. शेवटी शेवटी त्यात तुम्हीही हसता, आणि म्हणता, "पुरे रे, पुरे."

त्याने ऑपरेशनच्या आधी स्वतःचं हसू वेगळं रेकॉर्ड केलंय. तेही ऐकलं. एकटा माणूस गोधड्या टांगलेल्या खोलीत माइकपुढे बसून हसतो तसं आहे. हा, हा, हा. तिन्ही सारख्या मापाचे. मी दात करते म्हणून सांगते, खोटा दात वाकडा असतो म्हणून ओळखू येत नाही. फार सरळ असतो म्हणून ओळखू येतो.

आज संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. सिस्टीम, कुलूप, तुम्ही, पेनड्राइव्ह. पाटी फेकेल असं वाटलं होतं. त्याने लिहिलं, 'मास्तरने नऊ सूचना दिल्या असतील.' मी म्हटलं, "हो, नऊच." त्याचे खांदे हलले. मी तिथून उठून गेले. तुम्हाला तो इतका पाठ आहे आणि त्याला तुम्ही इतक्या पाठ, मग सोडून का गेलात हो? राहायचं होतंत, म्हणजे मी दुसरं कोणीतरी बघितलं असतं.

मी


२२ मार्च

नमस्कार.

मधे लिहिलं नाही. पेनड्राइव्ह सोबत परत पाठवते आहे. किल्लीची नक्कल मी करून घेतली आहे, आणि या वेळी ती कॉम्प्युटरच्या बाहेर ठेवली आहे.

आवाज तयार झाला. तो टाइप करतो आणि टॅब बोलतो. थोडा सर्दी झाल्यासारखा येतो, वाक्य संपताना जरा घाईत असतो, पण आहे त्याचाच. पहिल्यांदा घरी लावला तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेल्या. माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलला? "अगं, भाजीत मीठ नाही." मी म्हटलं, आवाज परत करू का थेरपी केंद्राला?

हसण्याचं मात्र यंत्राला जमत नाही. थेरपीच्या बाई म्हणाल्या, हसू बनवता येत नाही, रेकॉर्ड केलेलं एखादं बटणावर ठेवावं लागतं. त्यांच्याकडे दोन्ही होती, मीच दिली होती. जुन्यातून तुमचा आवाज काढता येईल का, हेही मी विचारलं. कसं विचारणार नाही? त्यांनी प्रयत्न केला. तुम्ही दोघं एकमेकांत हसलाय. तुम्हाला काढलं की त्याचंही हसू मधेच तुटतं, कोणी तोंडावर हात ठेवल्यासारखं.

मी त्याला सांगितलं, तू ठरव. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाईंच्या टॅबवर टाइप केलं, "नवीन ठेवा. जुनं नको." मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. रस्ताभर बरं वाटत होतं. सिग्नलला आरशात स्वतःला बघून घेतलं.

मग घरी तो हसायला लागला. मी लॅबमधलं काही सांगितलं, त्याने बटण दाबलं. हा, हा, हा. शेजारची मुलगी काही बोलली, हा, हा, हा. सासूबाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होत्या, हा, हा, हा. इकडे त्याचे खांदे मनापासून हलायचे आणि वर ते हसू मोजून मापून. लोक येऊन बसायचे, त्यांना वाटायचं हा आपल्याला खूश करायला हसतोय. हळूहळू त्याने ते बटण दाबणंच बंद केलं. हसू आलं की खाली बघायचा.

माझ्यासाठी. मला त्रास नको म्हणून त्याने स्वतःचं हसू टाकून दिलं आणि मी ते घेतलं होतं, रस्ताभर आनंदात. तुम्ही त्याच्याशी भांडत असाल तेव्हा काय म्हणायचात मला माहीत नाही, पण मी त्याला म्हणते, तुझ्या या चांगुलपणाने माझा जीव जाईल एक दिवस.

मागच्या सोमवारी टॅब दुरुस्तीला नेते असं सांगून मी केंद्रात गेले आणि बटणावर जुनं हसू बसवून आणलं. पूर्ण. न कापता. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, तिसऱ्यांदा विचारू नका, मी बदलेन.

त्याला काही बोलले नाही. रात्री जेवायला बसलो. ज्या आजोबांच्या कवळीचं मेण ओघळलं होतं, ते दुपारी तावातावाने आले होते. कवळी टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, हे दात माझे नव्हेत. हे फार हसतात. माझा स्वभाव असा नाही." मी त्यांची नक्कल करून सांगितलं. त्याचे खांदे हलायला लागले. सवयीने त्याचा हात टॅबकडे गेला, थांबला. मी म्हटलं, "दाब."

त्याने दाबलं.

घरभर हसला तो. पोटातून, दम लागेपर्यंत, शिट्टीसारखा श्वास घेऊन पुन्हा. त्याचं तोंड आणि तो आवाज, दोन्ही एका माणसाचे झाले. आणि मग माझ्या स्वयंपाकघरात, मी तीन हात रंग दिलेल्या भिंतींच्या मधे, तुम्ही हसलात आणि म्हणालात, "पुरे रे, पुरे."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. टाइप करायचं सोडून पाटी ओढली आणि लिहिलं, 'का?'

मी म्हटलं, "जेव."

आता रोज असतं हे. त्याला हसू येतं, त्याच्यामागून तुम्ही येता. सवय झाली असं लिहिणार नाही. प्रत्येक वेळी इथे छातीत काहीतरी टोचतं आणि प्रत्येक वेळी मी त्याला हसवायला पुन्हा काहीतरी शोधते.

तुमची परवानगी मागत नाही, मी बसवून मोकळी झाले आहे. तक्रार असेल तर नऊ आकडे घालून लिहा.

एकच विचारायचं आहे. रेकॉर्डिंग हसण्यापासून सुरू होतं, आधीचं काही नाही. त्याच्या आधी तुम्ही असं काय बोलला होतात? मी त्याला विचारलं. त्याने टाइप केलं, "आठवत नाही." टॅबमधून बोलला तरी त्याचं खोटं मला ओळखू येतं.

तुम्हाला आठवत असेल तर लिहा. जसंच्या तसं लिहा. तेवढं एक तुमच्याकडे राहिलं आहे, आणि ते मला हवं आहे.

मी